गच्चीवर माणूस आहे

बायको गेल्यावर गच्चीवरच्या तिच्या कुंड्या एकेक करून मरायला लागल्या. पहिल्या दोन-तीन गेल्या तेव्हा मी मनावर घेतलं नाही. माणूस जातो, तिथे कुंड्यांचं काय. पण मग मला संशय यायला लागला, कारण माझ्याकडून पाण्याची हयगय होत नव्हती. सकाळी चहाच्या आधी मी बादली घेऊन वर जायचो आणि हात आखडता न घेता पाणी घालायचो. तरी पानं पिवळी पडायची, देठ मऊ व्हायचा आणि एक दिवस झाड मान टाकायचं.

शेवटी उरलं लिंबाचं झाड. रंगाच्या जुन्या डब्यात तिने बी लावून वाढवलेलं. त्याला लिंबू कधी लागलंच नाही. "अहो, पुढच्या वर्षी बघा," असं ती दर वर्षी म्हणायची. मी म्हणायचो, "तोवर बाजारातून आणू ना?" आता त्या झाडाची खालची पानं पिवळी व्हायला लागली होती, आणि बाकी काही गेलं तरी चालेल, पण हे जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"कोणीतरी मुद्दाम करतंय," मी मेहुण्याला म्हणालो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पलीकडच्या गल्लीत राहतो. बहीण गेल्यापासून रोज संध्याकाळी 'सहज' येतो, चहा पितो, गच्चीवर हवा खाऊन येतो आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मला शहाणं करून जातो.

"भाऊजी, कॅमेरे लावा," तो म्हणाला. "आठ."

"आठ? गच्ची आहे रे, तुरुंग नाही."

"कोपरा सुटला की चोर सुटला. मी फोनवर व्हिडिओ बघितलेत."

"पोहण्याचेही बघितले होतेस. तलावातून मीच ओढून काढलं होतं तुला."

मी जन्मभर कुलुपं दुरुस्त केली, किल्ल्या बनवल्या. कॅमेऱ्यावर माझा फारसा विश्वास नव्हता. कुलूप माणसाला अडवतं, कॅमेरा नुसता बघत बसतो. पण गच्चीला कुलूप लावता येत नाही. सगळ्यांचे कपडे तिथेच वाळतात, पाण्याची टाकी तिथेच आहे. आणि मला अडवायचं नव्हतंच. मला बघायचं होतं.

खरं सांगायचं तर कोणाला बघायचं तेही माझ्या डोक्यात पक्कं होतं. आमच्याच मजल्यावरचा कर्नल. माणूस सैन्यात कधी नव्हता, विमा कंपनीत होता, पण त्याचं ओरडणं ऐकून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कुंड्यांमधून पाणी झिरपतं, माझ्या छताला ओल येते, असं त्याचं आणि बायकोचं कायम वाजायचं. ती त्याला म्हणायची, "छताला ओल आलीय की तुमच्या डोक्याला, ते आधी बघा." ती गेल्यापासून तो जिन्यात भेटला की मान खाली घालून निघून जायचा. मला वाटलं, मनात काहीतरी आहे याच्या.

कॅमेरे लावायला एक बाई आली. चाळिशीची, खांद्यावर शिडी, कमरेला हत्यारांचा पट्टा, चष्मा कपाळावर. तिने आल्या आल्या विचारलं, "काका, काय बघायचंय?"

"सगळं," मेहुणा म्हणाला.

"सगळं बघायला गेलात की सगळं वाटाण्याएवढं दिसतं. कोण येणार, कुठून येणार, काय करणार, ते सांगा."

"लिंबाजवळ येणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे," मी म्हणालो, "आणि हातात काय आहे तेही."

"मग आठ कशाला? दोन पुरे."

मेहुण्याचा चेहरा पडला. सहा कॅमेरे त्याच्या खिशातून गेल्यासारखा.

मग वायरवरून वाद झाला. मेहुण्याला बिनवायरचे हवे होते, ते दिसायला छान असतात म्हणाला. बाई माझा फोन घेऊन गच्चीवर गेली आणि तशीच परत आली. घरातलं वायफाय स्लॅब ओलांडून वर पोचता पोचता दमत होतं. "वायर टाकू," ती म्हणाली. "एकाच वायरमधून वीज वर जाते, चित्र खाली येतं. पावसापाण्याला घाबरणारा नाही असा कॅमेरा देते." हे मला पटलं. वायर हाताला लागते. कुठून निघाली आणि कुठे गेली, ते कळतं.

जागा मात्र मेहुण्याने निवडली. बाईला ती फारशी पसंत नव्हती, पण हा इतका मागे लागला की तिने मुकाट्याने तिथेच भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं रेकॉर्डिंग बघितलं तर कॅमेऱ्याच्या तोंडावर सरळ सूर्य, आणि लिंबाजवळ कोळशाचा एक माणूस उभा. तो मीच होतो, हे बादलीवरून ओळखलं. बाई परत आली, कॅमेरा समोरच्या भिंतीवर हलवला आणि जुन्या भोकात सिमेंट भरताना मेहुण्याकडे एकदा बघितलं. त्या दिवशी त्याने चहा नको म्हटलं.

रेकॉर्डिंगचा डबा ठेवायला मोकळी, कोरडी जागा हवी होती. बायकोच्या शिवणाच्या कपाटात वायर सहज पोचत होती. ते कपाट मी ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. उघडलं तर वरच्या कप्प्यात माझा सदरा, एका बाहीला टाचण्या लावलेल्या. मी तो बाजूला घेतला आणि जागा करून दिली.

"दार थोडं उघडं ठेवा," बाई म्हणाली. "डबा तापतो. आणि एक लक्षात ठेवा, आतली डिस्क भरली की हा जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. काही जपून ठेवायचं असेल तर वेळेत वेगळं काढून घ्यायचं."

"तसं नाही ना करता येत, की काही पुसूच नये?"

"येतं. पण मग नवं काही लिहिलं जाणार नाही."

मी म्हटलं, राहू दे, आहे तसं.

पासवर्ड ठेवायची वेळ आली. मी बायकोचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "काका, ते तर शेजारीपाजारी कोणीही ओळखेल. दुसऱ्या कोणाला सुचणार नाही असं काहीतरी." मग मी असा शब्द टाकला, जो बायको आपल्या भावाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल वापरायची. अजून त्याला तो शब्द माहीत नाही. तो रोज विचारतो, "भाऊजी, पासवर्ड तरी सांगा, उद्या तुम्हाला काही झालं तर?" मी म्हणतो, "मला काही झाल्यापेक्षा तो कळून तुला जास्त वाईट वाटेल."

बाईचा आणखी एक हट्ट होता. 'इथे कॅमेरे आहेत' अशी पाटी लावायची. गच्ची सगळ्यांची आहे, चोरून बघायचं नाही. समोरच्या इमारतीची एक खिडकी चित्रात येत होती, तिच्यावरही तिने काळी पट्टी टाकून दिली. आता पाटी लावली तर कर्नल सावध होणार. म्हणून मी एक युक्ती केली. जिन्यात सगळ्यांना सांगितलं की टाकीचा नळ कोणीतरी काढून नेतं, त्यासाठी कॅमेरे आहेत. दुसरा कॅमेरा टाकीवर चांगला समोर दिसेल असा लावला. लिंबावरचा कपड्यांच्या दोरीच्या वर, आडोशाला. सगळ्यांना वाटावं, डोळा टाकीवर आहे.

कॅमेऱ्यासमोर कोणी आलं की माझ्या फोनवर निरोप यायचा. "गच्चीवर माणूस आहे." शब्द बाईनेच टाकून दिले होते. पहिले काही दिवस नुसता वैताग. माणूस आहे म्हणून धावत वर जावं, तर चादर. पुन्हा धावावं, तर मांजर. एकदा तर वाऱ्याने हलणारं लिंबाचं झाडच. मेहुणा म्हणाला, "बघा, झाडालाही माणूस समजतोय." बाईने फोनवरून समजावून सांगितलं, लिंबाभोवती चौकट आखून घेतली, चादरींची दोरी बाहेर ठेवली. तोवर वैतागून मी निरोप बघणंच सोडलं होतं; आता फोन शांत झाला.

आणि त्याच दुपारी वाजला.

मी आणि मेहुणा पत्ते खेळत होतो. फोन उघडून बघितलं तर कर्नल. टाकीवरच्या कॅमेऱ्याला पाठ दाखवत, भिंतीला घासत, तिरका तिरका चाललेला. हातात एक डबा, त्यावर वर्तमानपत्र झाकलेलं. लिंबाजवळ आला, इकडेतिकडे बघितलं, कागद काढला आणि हातातला डबा झाडाच्या डब्यात उपडा केला.

"ॲसिड!" मेहुणा म्हणाला.

कॅमेऱ्याला बोलायचीही सोय होती. बाईने दाखवली होती, मी कधी वापरली नव्हती. मी बटण दाबलं आणि ओरडलो, "कर्नल! काय ओतताय?"

आकाशातून आवाज आल्यावर माणूस जसा दचकेल तसा तो दचकला. डबा हातातून पडला, घरंगळत टाकीपर्यंत गेला. आम्ही दोघं जिना चढून धापा टाकत वर पोचलो तेव्हाही तो दोन्ही हात छातीशी धरून उभाच होता.

"काय ओतलंत?" मी विचारलं.

"पाणी!"

"पाणी झाकून आणतं का कोणी?"

"मग काय करू? ढोल वाजवत आणू?" त्याचा आवाज नेहमीच्या पट्टीवर आला, मग एकदम खाली उतरला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून झाकून आणतो. वाटायचं, वहिनी गेल्या, यांचं कशातच लक्ष नसणार. झाडं तरी जगावीत. मी रोज दुपारी येतो. आणि त्या टाकीच्या कॅमेऱ्याला उगाच वाटायला नको की नळाला हात लावतोय."

मी खाली बसून मातीचा वास घेतला. पाणीच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं शिवणाच्या कपाटातल्या डब्याला टीव्ही जोडून त्यापुढे खुर्च्या टाकून बसलो आणि साठलेलं सगळं रेकॉर्डिंग बघितलं. सकाळी बादली घेऊन मी. मी उतरलो की पहिल्या मजल्यावरच्या आजी, एका हाताने कठडा धरत, दुसऱ्या हातात जग. मग जिना झाडणारी बाई. तिने फरशी पुसायची बादली बाजूला ठेवून स्वच्छ पाणी आणलं होतं, हे मला फार आवडलं. दुपारी वर्तमानपत्र झाकलेला कर्नल. आणि संध्याकाळी हवा खायला आलेला मेहुणा, हातात चक्क माझ्या स्वयंपाकघरातलं पातेलं.

"तू?" मी विचारलं.

"ताईचं झाड आहे," तो म्हणाला.

कर्नल मात्र हसायला लागला. "आठ कॅमेरे लावले असते तर तुम्ही आठ वेळा सापडला असता."

मग पडद्यावर आणखी एक माणूस आला. दिवेलागणीची वेळ. पाठ वाकलेली, चालणं सावकाश, हातात तांब्या. मी विचारणार होतो की हा म्हातारा कोण. तो लिंबाजवळ उभा राहिला, तांब्या रिता केला आणि बराच वेळ तिथेच थांबला. तोंड हलत होतं. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं. आवाजाची नोंद ठेवायची नाही, असं कॅमेरेवाल्या बाईने आधीच ठरवून टाकलं होतं. बरंच झालं.

सकाळी मी पाणी घालतो, हे मला माहीत होतं. संध्याकाळीही घालतो, हे मी कधी धरलंच नव्हतं. मला वाटायचं, मी नुसता वर जातो. पण रिकाम्या हाताने वर गेलं की आपण इथे कशाला आलो, असं होतं. हातात तांब्या असला की काहीतरी काम असतं.

मग कर्नल खाकरला. "वहिनी मातीत बोट घालून बघायच्या. पार अर्धं बोट आत. मग कधी पाणी घालायच्या, कधी नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. आमची भांडणंच जास्त."

तिच्या उजव्या हाताच्या एका नखात कायम माती असायची. जेवायला बसल्यावरही मी चिडवायचो, एवढा साबण घरात आणतो, जातो कुठे? तिने कधी कारण सांगितलं नाही. मीही ते चिडवण्यापुरतंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी झाड डब्यातून काढलं. मेहुण्याने खोड धरलं, कर्नलने हुकूम सोडले, मी माती उकरली. आत नुसता चिखल. खालची भोकं मातीने बुजलेली, मुळं काळी, मऊ, वास येणारी. सडलेली कापून टाकली. थोडी पांढरी मुळं शिल्लक होती, ती कोरड्या मातीत लावली. डब्याला नवी भोकं मी पाडली. एवढं काम तरी मला नीट येतं.

आणि मग सगळ्यांना जिन्यात उभं करून सांगितलं की आता कोणीही पाणी घालायचं नाही. आजी म्हणाल्या, "थोडंसंही नाही?" मी म्हटलं, "आजी, थोडंसं म्हणत म्हणतच आपण त्याला बुडवलं."

जगलंय का मेलंय, ते काही दिवस कळलं नाही. पाणी घालण्यापेक्षा न घालणं अवघड होतं. दुपारी फोन वाजायचा, गच्चीवर माणूस आहे, आणि बघावं तर कर्नल. लिंबाजवळ येऊन उभा राहायचा, वाकून बघायचा, मग दोरीच्या वरच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून दोन्ही रिकामे हात उघडून दाखवायचा आणि निघून जायचा. मेहुणाही तसंच करायला लागला. आजी पदर झटकून दाखवायच्या.

काल संध्याकाळी मी वर गेलो. तांब्या खालीच ठेवला होता. खोडाच्या टोकाला बारीक, फिकट हिरवं काहीतरी फुटलं होतं. पान म्हणावं इतकं मोठं नाही. मी मातीत बोट घातलं, अर्धं बोट आत. वर कोरडी होती, आत अजून ओल होती. आज नको.

बोट पुसलं नाही. कॅमेऱ्याकडे वळलो आणि दोन्ही हात उघडून दाखवले.

खिशातला फोन वाजला. मला माहीत होतं काय आलंय, तरी काढून वाचलं. गच्चीवर माणूस आहे.

मी आणखी थोडा वेळ तिथेच थांबलो.