रुमालातला प्रसाद

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या फोटोसाठी मुलांना चॅपलच्या पायऱ्यांवर उभं केलं, तेव्हा सिरिलाने मोजलं तर सातच भरली. तिने पुन्हा मोजलं. पांढरे शर्ट चार, पांढरे फ्रॉक तीन. फ्रॉक चार शिवले होते. तिनेच शिवले होते.

"रेनिशा खंय गेली?"

एक मुलगी म्हणाली नळावर असेल. दुसरी म्हणाली घरी गेली. रेनिशाची आई फ्लोरी पाहुण्यांना सरबत देत होती. ती म्हणाली, "आता हयसरच होती गो. मिस्सा संपली तेव्हा माझ्या फुड्यातून गेली."

नळावर कोणी नव्हतं. घराला कुलूप होतं. चॅपलच्या मागच्या विहिरीत सिरिलाने वाकून पाहिलं आणि मग दुसऱ्यांदा जाऊन पाहिलं. मे महिन्याचं ऊन साडेनऊलाच डोक्यात शिरत होतं. फोटोग्राफर घाई करायला लागला. फ्लोरीने सरबताचा ट्रे पायरीवर ठेवला आणि आता ती मोठ्याने हाका मारू लागली.

सिरिला रेबेलो बावन्न वर्षांची होती. वाडीत तिचं शिवणकाम होतं आणि एकोणीस वर्षं दर रविवारी मिस्सा, म्हणजे चॅपलमधली प्रार्थना, झाल्यावर ती मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची. लग्न केलं नव्हतं. तिच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कापड नसलं तर पदराचं टोक, ते नसलं तर स्वतःचीच बोटं ती चाळवत राही. पण तिच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. आईबाप कौतुकाने म्हणत, "सिरिला टीचरच्या हाताखाली पोरां देवाक भियतत." हे ऐकलं की तिला बरं वाटे. देवाचं भय हे पवित्र आत्म्याचं दान आहे, असंच ती स्वतः शिकली होती आणि तसंच शिकवत होती.

मुलांना शोधायला पाठवून ती एकटीच चॅपलमध्ये परतली. रिकाम्या बाकांमधून चालताना तिला सकाळची ओळ आठवली. आठ मुलं हात जोडून पुढे गेली. फादर एलियसनी एकेकाच्या जिभेवर ख्रिस्तप्रसादाची ती पातळ पांढरी भाकरी ठेवली, जिच्यात प्रत्यक्ष देव असतो असं मुलं वर्गात शिकली होती. आयुष्यातली पहिली. रेनिशा तिसरी होती. वळताना तिचा चेहरा एकदम वाकडा झाला होता आणि हात तोंडाकडे गेला होता. सिरिलाने बाकावरूनच डोळे वटारले होते. मुलगी खाली मान घालून जागेवर गेली आणि मग रुमालाने तोंड पुसत राहिली.

सिरिला थांबली. तिला मागचा रविवार आठवला.

प्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम समजावताना ती दर वर्षी एक गोष्ट सांगायची. एका मुलीने सकाळी चोरून पेरू खाल्ला आणि कोणाला न सांगता तसाच प्रसाद घेतला. आठ दिवसांत तिची आई मेली. गोष्ट सांगून झाल्यावर वर्गात श्वासाचाही आवाज येत नसे. मुलांना वाटे, ही कोणा जुन्या काळच्या मुलीची गोष्ट आहे. मुलांनाच नाही, ती मुलगी कोण हे आजवर कोणालाच ठाऊक नव्हतं. पेरू सिरिलाने खाल्ला होता, दहा वर्षांची असताना. आई काविळीने गेली असं घरचे म्हणाले. ती हो हो म्हणून मान हलवत राहिली; मनात मात्र तो पेरूच होता.

ती चॅपलमधून बाहेर आली ती जवळजवळ धावतच. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर तिला हौसाबाई समोरून येताना दिसली. गाबीतवाड्यातली, मासेमारांच्या वस्तीतली म्हातारी, चुलीसाठी सुरूच्या वाळक्या काड्या गोळा करायला रोज बनात जायची. आज तिच्या डोक्यावर भारा नव्हता आणि पायांत चपलाही नव्हत्या.

"तुमचां चेडू थंय बसलां आसा," हौसाबाई म्हणाली. "सुरूच्या बनात, मोठ्या ओंडक्यार. पाणी दिलंय तर घेणा नाय. हातात देव आसा म्हणता."

"काय आसा?"

"देव. रुमालात. माका काय समाजलां नाय, पण चपला काढलंय आणि वायच लांब बसलंय. एकट्या पोराक सोडूचां कसां? आता कोणाक तरी बोलवूक व्हया म्हणान इलंय."

वाळू तापली होती. सुरूच्या सावलीत शिरल्यावर सिरिलाला आधी फ्रॉक दिसला, मग मुलगी. रेनिशा आडव्या पडलेल्या खोडावर बसली होती. उजवा हात कोपरात वाकवून तिने खांद्याच्या उंचीवर धरला होता आणि तळव्यावर दुमडलेला रुमाल होता. डाव्या हाताने तिने उजव्याला खालून टेकू दिला होता. दोन्ही हात थरथरत होते. चेहऱ्यावर घाम आणि अश्रू एकत्र वाळले होते.

"टीचर, माका मारू नका."

"मी कित्या मारू?" सिरिला म्हणाली. आपला आवाज तिला ओळखता आला नाही. "काय झालां?"

"मी पेपरमिंट खाल्लंय. वाटेर. विसारलंय मी. जिभेर प्रसाद ठेवल्यार याद इली." मुलगी हुंदके देत भराभर बोलू लागली. "गिळलंय तर आई मरतली. म्हणान काढलंय. पण टाकूचो कसो? देव आसा ना तो. खाली रेव आसा. मुंगळे आसत. टीचर, माझो हात दुखता."

सिरिलाने हात पुढे केला. रुमालापासून वितभर अंतरावर तो थांबला. दिवसभर काही ना काही चाळवणारी तिची बोटं ताठ होऊन तिथेच राहिली. आपण हे घ्यायचं? या हातांनी? बेचाळीस वर्षांपूर्वी तो पेरू याच हातांत धरला होता. तिने हात मागे घेतला.

मुलीने ते पाहिलं. तिने रुमाल आणखी वर धरला.

"थांब," सिरिला म्हणाली. "फादराक बोलवतंय."

तिने फोन लावला. पहिल्यांदा चुकीच्या माणसाला लागला. मग फादर एलियसना काय झालं ते सांगताना शब्द मागेपुढे झाले. फादर फक्त म्हणाले, "इलंय." मग तिने फ्लोरीला फोन करून रेनिशा सापडल्याचं सांगितलं. फोन ठेवून ती ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, उठली, परत बसली. हौसाबाई मागोमाग आली होती. ती झाडाला टेकून बसली आणि मुलीला म्हणाली, "हात पदरार टेक माझ्या. भुंयेक लागणा नाय." तिने जवळ सरकून आपला पदर गुडघ्यांवर पसरला. रेनिशाने थोडा विचार केला. मग तिने हळूच हात त्यावर टेकवला. रुमाल मात्र सोडला नाही.

सिरिलाला लाज वाटली. देवाच्या नावाने तिने जन्म घालवला होता आणि पदर पसरणं तिला सुचलं नव्हतं.

वाडीतल्या गुरुप्रसादच्या स्कूटरवर मागे बसून फादर आले. गुरुप्रसाद वाटेवरच थांबला. फादर सत्तरीचे होते, गुडघे अधू. चर्चमध्येसुद्धा ते बाकाचा आधार घेऊन वाकत. पांढऱ्या झग्याचा घोळ एका हाताने वर धरून ते वाळूतून चालत आले.  रुमालासमोर आले, ओंडक्यावर हात टेकला आणि आधी एक गुडघा, मग दुसरा, असे वाळूत टेकले. मान खाली घातली. 

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "कधीपासून धरलंस?"

"मिस्सा संपल्यापासून."

"हात बदललंस?"

"दोन वेळा. पडूक दिलंय नाय."

"भियान पळान इलंस?"

रेनिशाने होय म्हणून मान हलवली.

"आणि हात वर धरलंस, तोपण भियान?"

मुलगी विचारात पडली. तिला चुकीचं उत्तर द्यायचं नव्हतं. "नाय," ती म्हणाली. "तेका रेव लागात म्हणान."

फादरांचे डोळे भरून आले. "बाय माझे," ते म्हणाले, "पळालंस तां भय. तां सोड, तां देवाचां न्हय. पण दुखत असताना हात खाली ठेवूक नाय, तां देवाचां. तां ठेव. माका शिकूक इतकी वर्षां लागली."

त्यांनी तिच्या तळव्यावरचा रुमाल उलगडला. भिजून चुरगळलेला, कडेने वाळलेला तुकडा त्यांनी उचलला आणि स्वतः तोंडात घेतला. कापडाला चिकटलेले कण बोटाने टिपले, तेही घेतले. रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

"आई?" रेनिशाने विचारलं.

"आई थंय रडता आणि तुका शोधता. तिका काय एक जावचां नाय. एका पेपरमिंटासाठी देव कोणाची आवस नेणा नाय."

"कधीच?"

हे सिरिलाने विचारलं होतं. मोठ्याने. फादरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती उभी होती, दोन्ही हातांनी साडी घट्ट धरून.

"कधीच नेणा नाय?" ती पुन्हा म्हणाली. "पेरवासाठी पण?"

फादर गुडघ्यांवरच होते. त्यांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं की तिने नजर वळवली. "नाय गो," ते म्हणाले. "पेरवासाठी पण नाय."

तेवढ्यात वाटेवर फ्लोरीची हाक आली आणि रेनिशा ओंडक्यावरून उतरून धावत सुटली.

 जेवणं झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरी तिच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"माझ्या चेडवाक तू माझ्या मरणाची गोष्ट सांगलंस," फ्लोरी म्हणाली. "रातभर ती माझ्या नाकाकडे हात धरून बघी होती, श्वास येता काय म्हणान."

सिरिलाने मशीनवरचा कपडा बाजूला केला. "ती गोष्ट माझी आसा," ती म्हणाली. "ती मुलगी मी." आणि उंबऱ्याशी उभं राहून तिने सगळं सांगितलं. पेरू, प्रसाद, कावीळ, आणि आईला पुरल्यावर एकेका नातेवाइकाच्या तोंडाकडे बघत घालवलेले दिवस, आता कोणीतरी ओळखेल म्हणून.

फ्लोरीने ऐकून घेतलं. तिचा चेहरा थोडा मऊ झाला, पण थोडाच. "मगे तुका तरी समाजूक व्हया होतां," ती म्हणाली. "तुका म्हायत होतां कसां वाटता तां." आणि ती निघून गेली.

हे वाक्य सिरिलाच्या अंगात काट्यासारखं राहिलं. शिवताना शिवण वाकडी जाऊ लागली. एका ब्लाउजच्या बाह्या तिने दोनदा उलट्या जोडल्या. बुधवारी ती फादरांकडे गेली, तेच सगळं त्यांनाही सांगितलं आणि वर्ग दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणाली.

"कोणाक देऊ?" फादर म्हणाले. "आणि तू काय करतलंस? घरी बसान स्वतःक शिक्षा? परत तांच."

"मगे मी काय शिकवू? माका भय सोडून दुसरां काय येणा नाय."

फादरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं. "आधी त्या दहा वर्षांच्या चेडवाक सांग," ते म्हणाले. "तिच्यामुळां आई मरूक नाय म्हणान. रोज सांग. ती ऐकणा नाय इतक्यात. ह्या पोरांचां मागाहून बघूया."

तिने प्रयत्न केला. सकाळी दार उघडताना, दुपारी मशीनला तेल घालताना ती मनात म्हणे, तुझ्यामुळे नाही. कधी ते खरं वाटे, कधी नुसते शब्द. रविवारी वर्गात ती गेली. तिने मुलांना सांगितलं की पेरवाची गोष्ट खोटी आहे. म्हणजे पेरू खरा, मुलगी खरी, आई मेली तेही खरं, पण देवाने नेलं हे मी माझ्या मनाने जोडलं होतं, आणि तुम्हाला सांगितलं ही माझी चूक. मुलं एकमेकांकडे बघू लागली. एक मुलगी म्हणाली, "मगे टीचर, देवाक भियाचां काय नाय?"

 "माका अजून धड समाजलां नाय," सिरिला म्हणाली. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदाच गोंगाट झाला आणि तो कसा थांबवायचा हेही तिला कळेना.

रेनिशा वर्गाला येत नव्हती. मिस्सेला यायची, आईला चिकटून पाचव्या बाकावर बसायची. प्रसादाच्या वेळी फ्लोरी एकटी उठायची. फादरांनी दोघींनाही काही विचारलं नाही. जून गेला, जुलै गेला. दर रविवारी सिरिला त्या बाकाकडे बघायची नाही असं ठरवून यायची आणि बघायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी फ्लोरी उठली आणि तिच्यामागून रेनिशाही उठली. साधा निळा फ्रॉक होता, केस नीट विंचरलेले नव्हते. ओळीत ती पुढच्या माणसाच्या पाठीमागे दिसेनाशी झाली, मग दिसली. फादर वाकले. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि वळली.

 सिरिला मुलीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. आता वाकडा होईल, आता हात वर जाईल. रेनिशा जागेवर आली, गुडघे टेकले, डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने एक डोळा उघडून आईकडे पाहिलं. आई होती. मग तिने डास चावलेली कोपराची जागा खाजवली आणि हात तोंडावर न धरता, दाढा दिसतील एवढी मोठी जांभई दिली.

पूर्वी एवढ्यावर सिरिलाने सगळा वर्ग तासभर उभा केला असता. ती तशीच बघत राहिली. ओळ संपत आली होती. शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं, "जायत नाय तू?" तेव्हा ती उठली आणि पुढे चालू लागली. ओळीत शिरताना ती मनात म्हणाली, तुझ्यामुळे नाही, आणि पदराचं टोक चाळवतच पुढे सरकली.