सात ठोकळे

खाडीवरचा उचलता पूल बाबांनी एकतीस वर्षं चालवला. त्या जुन्या पुलाच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेली.

पुलाच्या मागच्या टोकाला वजनाची पेटी असते. तिच्या भारामुळे पुढचा भाग अलगद वर जातो. त्या पेटीत नकाशात नसलेले सात लोखंडी ठोकळे निघाले.

"राहू दे ते," बाबा म्हणाले. "पावसात फळ्या पाणी पितात, पूल पुढून जड होतो. म्हणून घातलेत मी."

"बाबा, हिशोब आता कॉम्प्युटर करतो. तुम्ही घरी चहा प्या." कामगार फिदीफिदी हसले. मलाही फार शहाणं असल्यासारखं वाटलं. ठोकळे भंगाराच्या ढिगात गेले. कोरड्या दिवशी चाचणी घेतली, पूल झक्क वर गेला.

उद्घाटनाच्या आधी दोन दिवस पाऊस लागला. पूल उचलणारा दांडा ओढायचा मान बाबांचा होता. आईने त्यांचा जुना निळा कोट इस्त्री करून दिला होता. बाबांनी दांडा ओढला. पूल वीतभर वर आला, कण्हला आणि तिथेच अडकला. खाली बोटी भोंगे वाजवू लागल्या.

मोठे साहेब पेटीत डोकावले. तळाशी सात ठोकळ्यांचे गंजलेले ठसे होते. "इथलं वजन कुणी काढलं?"

कामगार आपापल्या बुटांकडे बघत राहिले. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"मी काढायला लावलं, साहेब. वय झालं, चुकलं."

"आजोबा, लुडबुड कशाला करता? व्हा बाजूला!"

बाबा बाजूला झाले. मी तोंड उघडायला हवं होतं, एवढंच करायचं होतं. नाही उघडलं. जवळून जाताना ते पुटपुटले, "सातही घाल."

आम्ही भंगारातून ठोकळे आणून पेटीत घातले. साहेबांनी दांड्यापाशी मला उभं केलं आणि मी, निर्लज्जासारखा, तो ओढला. पूल वर गेला. टाळ्या पडल्या. लाजेने माझे कान जळत होते, तरी मी मान हलवून त्या घेतल्या.

घरी आई दारातच उभी होती. "काय हो, ओढलात ना दांडा?"

बाबांनी कोट काढून खुंटीला लावला. "आपल्या पोराने ओढला. काय सुरेख उचलला गं पूल!"

आई कौतुकाने माझ्याकडे वळली. मी बुटाची नाडी सोडत खाली वाकलो होतो. नाडी केव्हाच सुटली होती, पण मला वर बघवेना.