बाळंतिणीचा शेपू

चातुर्मासाचा पहिला महिना मी शाकव्रताचा पाळते. पालेभाजी नाही, फळभाजी नाही, मिरची-कोथिंबीरसुद्धा नाही. मुगाची डाळ, मिरपूड आणि आमचूर यांवर माझं छान भागतं. लग्न होऊन धारवाडला आले तेव्हापासून यात खंड नाही.

यंदा मात्र घरात सून स्मृती बाळंतीण होती. तिच्यासाठी मी रोज वेगळ्या कढईत शेपू शिजवी, मूग घालून, वर लसणाची फोडणी. एरवी लसूण आमच्या स्वयंपाकघरात येत नाही, बाळंतिणीपुरती येते. शेपूनं दूध उतरतं, पोटातला वारा सरतो, आणि आईनं खाल्लेलं बाळाच्या अंगी लागतं. सकाळी अळिवाची खीर, जेवणावर भाजलेल्या बाळंतशोपा. माझ्या सासूबाईंनी मला हेच दिलं होतं.

तरी बाळाचं वजन वाढेना. आधीच ते दिवसांच्या अगोदर आलेलं, मुठीएवढं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूध कमी पडतंय. वारंवार पाजा, आईचं खाणं बघा. सोमवारपर्यंत काटा हलला नाही, तर वरचं दूध सुरू करू."

"सगळं खाते मी," स्मृती खाली बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाळाला तेल लावायला येणाऱ्या सोनाबाई न्हाणीच्या दारात घुटमळल्या. "अक्का, एक बोलू? रागावू नका. रोज तुमचा शेपू खाऊन माझ्याच अंगावर दूध यायचं आता. या वयात लोक काय म्हणतील?"

"तुम्ही कशाला खाल?"

"वैनी देतात. 'टाकवत नाही, तुम्ही न्या' म्हणतात. मी आपली डब्यात नेते. चव बाकी झकास हं."

मी हात पुसले आणि खोलीत गेले. स्मृतीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"आई, एकादशीला मी देवासमोर बोलले. बाळानं बाळसं धरावं म्हणून तुमच्यासारखंच महिनाभर शाकव्रत करीन. तुम्हाला सांगितलं असतं तर करू दिलं नसतंत."

"नसतंच दिलं."

"आता मोडलं आणि बाळाला काही झालं तर?"

तिच्या आवाजातली भीती खरी होती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मी तिच्याजवळ बसले. "मोडायचं नाही. बाळंतिणीचं, आजाऱ्याचं व्रत घरातल्या दुसऱ्यानं पुरं करावं, अशी सोय आहे. आजवर तसंच चालत आलंय."

"मग तुम्ही घ्या."

"माझं चालूच आहे, गं. त्यात मी तुझ्यासाठी वेगळं काय सोडलं?"

एवढ्यात माझा मुलगा सुधींद्र कोर्टातून आला. काळा कोट ओला, हातात कागदात गुंडाळलेलं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी. घरभर खमंग वास सुटला. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं पुडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. "म्हणजे अशील बाळंतीण आहे, सबब वकिलानं हजर व्हायचं?"

"महिना संपेपर्यंत," मी म्हटलं.

"मिरचीसुद्धा?"

"मिरची आधी."

"पुढची तारीख घेता येणार नाही?"

"नाही."

त्यानं पुडी सोनाबाईंच्या हातात दिली, हातपाय धुतले आणि देवासमोर उभा राहिला. मी पळीभर पाणी त्याच्या तळहातावर घातलं. स्मृतीचं नाव घेऊन त्यानं ते ताम्हनात सोडलं. एरवी माझ्या उपासांची थट्टा करणारा मुलगा, पण त्या क्षणी त्याचा आवाज हलला नाही.

त्या रात्री स्मृती शेपू-भाकरी जेवली. कढई पुसून जेवली.

सोमवारी बाळाला काट्यावर ठेवलं. काटा पुढे सरकून स्थिरावला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "आता पटतंय. काय बदललं?"

"वारंवार पाजते," स्मृती म्हणाली. "आणि शेपू, अळीव, बाळंतशोपा. खरोखर खाते."

"आणि माझी मिरची," सुधींद्र म्हणाला. "तीही कागदावर घ्या, मॅडम."

घरी आलो तर सोनाबाई तेल कोमट करून बसल्या होत्या. बाळाची मांडी चिमटीत धरून बघितली आणि मान डोलावली. मग रिकामा डबा माझ्यापुढे सरकवला.

"सगळं झालं, अक्का. आता माझ्या शेपूचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून मी दोन जुड्या आणायला लागले.