बांड्याचं पोट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मणरावाचा बांड्या बैल मेला. शिंगांचा बेगड अजून तसाच होता. पाऊस सकाळपासून भुरभुरत होता, काळ्या मातीत पाय रुतत होते. आम्ही चौघंपाचजण त्याच्या शेतात खड्डा खणत होतो आणि खड्ड्याच्या काठावर लक्ष्मणराव कवडूच्या अंगावर धावून जात होता.

"तुह्याच दारातली पोळी खाल्ली त्यानं शेवटची! मंग तोंडात काडी नाई घेतली. तूच जहर घातलं!"

कवडूचं शेत बाजूलाच. मधल्या धुऱ्याच्या, बांधाच्या वादावरून दोघांचं बोलणं बंद होतं. तरी पोळ्याचा बैल दारात आला की त्याला ओवाळायचं, पोळी घालायची. त्यात आमच्याकडे भांडण आणत नाहीत. कवडूच्या बायकोनं, जिजाबाईनं, तेवढंच केलं होतं. पण आमच्या गावाला जहर लगेच पटतं. दुपारपर्यंत नळावरच्या बायकांनी तिच्या हंड्याशेजारी हंडा ठेवणं सोडलं.

"मी बैलाले जहर घालन?" कवडूनं त्याचा हात झिडकारला. "फाडा त्याले. डॉक्टरीनबाईले बोलवा. जहर निंगालं त मले याच खड्ड्यात गाडजा."

"फाडाचं नाई. हळद-मीठ घालून साबूत गाडाचं. माह्या पोरावाणी होता."

"आन माह्या बायकोवरचा डाग? तो कोण धुईन?"

फोन मीच लावला.

जनावरांची डॉक्टर प्रेरणा मॅडम आली तेव्हा तिच्या बुटांवर दुसऱ्याच कुठल्या तरी गावचा चिखल होता. बाई दमलेली दिसत होती. तिनं कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले. लक्ष्मणराव पाठ करून उभा राहिला. त्याची बायको कोकिळा बाभळीखाली डोक्यावर पदर घेऊन बसली होती. सुरी पोटात गेली तसा आंबलेल्या पिठाचा वास सुटला आणि आम्ही नाकाला दुपट्टे लावले.

मॅडमनं पोटात हात घातला, मूठ भरून बाहेर काढली आणि आमच्यापुढे उघडली. फुगलेले गहू होते. अख्खेच्या अख्खे.

"पोळी थोडीच आहे. हे गहू कोणी घातले?"

तिनं पोटात परत हात घातला.

"आतलं अस्तर बघा, हाताला सुटून येतंय. एवढे दाणे एकदम खाल्ले की पोटात आंबतात. ते आंबट रक्तात उतरलं की जनावर वाचत नाही. नमुना तपासणीला पाठवते, पण कारण मला इथेच दिसतंय."

लक्ष्मणराव हळूच वळला. उघड्या पोटाकडे त्यानं पाहिलंच नाही.

"म्या देल्ले," तो म्हणाला. "पोळ्याच्या आदल्या दिसी, आवतनाच्या सांजी. खांदा लोण्यानं मळून राह्यलो होतो, त हाताले जुवानं पडलेली गाठ लागली. म्हटलं, सालभर राबला, येक दिवस तरी पोटभर खाईन. टोपलंभर देल्ले. टोपलंभरानं काय होते, मॅडम? बाप बी देत होता."

बाभळीखालून कोकिळा उठली. तिचा पदर खांद्यावर पडला होता.

"तुमी बी देल्ले?"

एवढंच म्हणाली बाई, आणि आम्हा सगळ्यांना समजलं.

"पोळ्याच्या सकायी म्या बी देल्ले," ती रडत म्हणाली. "तुमी रागावसान म्हणून सांगतलं नाई."

लक्ष्मणराव तिथेच चिखलात बसला. नवराबायको एकमेकांपासून चोरून बैलावर माया करत होते, आणि तिसऱ्याच्या घरावर बालंट आलं होतं. कवडूनं आता चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फावडं घेतलं आणि बांड्या खड्ड्यात उतरल्यावर आमच्याबरोबर माती लोटू लागला. माफी मागायला लक्ष्मणरावाचं तोंड उघडलं नाही. गावानं तर विषयच सोडून दिला.

पुढच्या पोळ्याला लक्ष्मणराव उरलेला एक बैल घेऊन फिरला. कवडूच्या दारात थबकला, मग मान खाली घालून उभा राहिला. जिजाबाई ताट घेऊन बाहेर आली. तिनं बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. पोळीचा एक तुकडा मोडला आणि लक्ष्मणरावाकडे बघत आधी स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावून गिळला.

मग उरलेली पोळी तिनं बैलापुढे धरली.