लग्नातल्या मापाचा साचा

बूटवाल्याचा हात बाजारात कुणी धरू शकत नसे, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चालीवरूनच त्याला कळायचं, जोड कुठे चावतोय. पण खरी ऐट वेगळीच होती. त्याच्या बायकोने अठ्ठावीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा जोड पायात घातला नव्हता. लग्नात त्याने तिच्या मापाचा लाकडी साचा तासला होता आणि दरवर्षी त्यावर एक नवा जोड बेतायचा. घरात मात्र ती अनवाणीच वावरायची. त्याला वाटे, तिला सवय आहे.

सातव्या महिन्यात लेक राहायला आली ती लंगडतच. टाचा ठणकत होत्या, संध्याकाळी पाय सुजून टम्म होत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फार वेळ उभं राहू नका, बसताना पाय उशीवर घ्या, सपाट चपला नकोत, आणि नव्या जोडाचं माप संध्याकाळीच द्या. बापाने बाकीची कामं बाजूला सारली. चवड्याला ऐसपैस, टाचेखाली मऊ, तळव्याला मधोमध आधार असा जोड त्याने चार दिवसांत तयार केला. लेकीने दुकानातच दोन फेऱ्या मारल्या आणि तिचा चेहरा खुलला.

बाळ झालं की सूज उतरेल, मग जुन्या मापाचे करून देतो, असं तो म्हणाला. लेक म्हणाली, सूज उतरेल, पण सांधे सैल होऊन तळवा सपाट होतो. काही जणींचा पाय कायमचा वाढतो. मग तिने कोपऱ्यात दोऱ्याला मेण लावत बसलेल्या आईला सहज विचारलं, तुझा वाढला होता का?

"तुझ्या वेळी," आई म्हणाली. "एका नंबराने."

बूटवाल्याला आधी हसू आलं. मग आठवलं. लेक तान्ही असताना ही म्हणाली होती, जोड चावतो. त्याने मान वर न करता सांगितलं होतं, सूज आहे, उतरेल, माझा साचा चुकत नाही. तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर थट्टा केली होती, की आमची मंडळी पायांनीच जाड झाली. सगळे हसले होते. तीही हसली होती.

त्याने जमिनीवर कागद पसरला आणि तिच्यापुढे गुडघे टेकले. आता कशाला, म्हणत ती पाय मागे घेत राहिली. शेवटी त्याने तो हातात घेतला. करंगळी शेजारच्या बोटाखाली पार दुमडून बसली होती. हजारो पाय हाताळले, पण लग्नानंतर हा एक कधी हातात घेतला नाही, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुखत असेल," तो म्हणाला.

"आता नाही," ती म्हणाली. "पहिली सात-आठ वर्षं दुखायचं."

त्याने करंगळी हलकेच सरळ करून पाहिली. सोडली की ती परत बोटाखाली जाई. शेवटी त्याने पेन्सिल उचलली आणि वाकड्या बोटासकट माप काढलं.