सैल बूट, घट्ट बूट

या बकलात वादीचा तुकडा अजून अडकलेला आहे आणि तो तुमच्यामुळे अडकलेला आहे, उत्सवात मंचावर गालिचे अंथरून बसलेल्यांनो, तुमच्यामुळे! महिनाभर उमसिन हे मनातल्या मनात बोलत होती. आज तिने बूट मांडीवर घेतला, नखाने तुकडा उकरून पाहिला, निघाला नाही. पितळी बक्कल, मेंढ्याच्या शिंगासारखं वळवलेलं, आणि बसवलंय कुठे, तर पायाच्या बरोबर वर, जिथे रिकिबीची वादी घासते तिथे... जन्मात घोड्यावर न बसलेल्याच्याच डोक्यातून अशी जागा निघते. उत्सवात गरुड घेऊन शिकार करणाऱ्या सगळ्यांनी हेच घालायचे, फोटोत शोभून दिसतात, असं तुम्हीच सांगितलंत. सगळे एकाच मापाचे, लाल, टोकदार. आणि ज्याच्या पायात शिरत नाहीत त्याने काय करायचं? बोटं तासायची?

"अगं, किती वेळ बघत बसणार आहेस त्यांच्याकडे? बूट आहेत, नवरदेव नव्हेत," पलंगावरून तिचा नवरा तलपखान म्हणाला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर, पण जीभ शाबूत.

"नवरदेव असते तर एव्हाना घालून पाहिले असते."

रात्री बर्फ पडून गेलं होतं. पहिलं बर्फ, त्यावर सावजाचे ताजे माग. अशा दिवशी ज्याचं शिकारी पाखरू उडत नाही त्याचं पाखरू धन्याला विसरतं, असं सगळेच मानतात. म्हणूनच दीर, इर्झान, काल निरोप ठेवून गेला होता — घरात घोड्यावर बसणारं कुणी नसेल तर उद्या दुपारी मी तुमचा गरुड घेऊन जातो. मागितला नाही, नेतो म्हणाला. सहा वर्षं उमसिनने त्या मादीला हाताने मांस भरवलं, तिच्या डोक्यावरचं चामडी टोपरं शिवलं, आणि आता ती दिराच्या मनगटावर बसून दुसऱ्या डोंगरात जाणार? मग मी जाते. लहानपणापासून घोड्यावर आहे मी. ठरलं. पण पायात काय घालू?

घरात दोनच जोड. एक हे लाल. दुसरे सासऱ्यांचे, काळे, गुडघ्यापर्यंत, डावा-उजवा नसलेले. आज या पायात, उद्या त्या पायात, म्हणजे झीज सारखी होते. आत दाबलेल्या लोकरीचे, नमद्याचे जाड मोजे. सासरे ते मुद्दाम सैल शिवून घ्यायचे. लोक हसायचे, आला बादलीपाय, म्हणायचे. म्हातारा म्हणायचा, हसा, पण पडलो की बूट रिकिबीत राहील आणि मी बर्फात. तुमचं तुम्ही बघा.

पण म्हाताऱ्याचा पाय तो म्हाताऱ्याचा. उमसिनने दोन मोजे चढवले तरी पाय आत पोहत होता. लोकर कोंबावी तर बूट घट्ट होणार, मग सैल असण्याचा उपयोग काय? न कोंबावी तर उतारावर रिकीब सुटणार. सैल बुटात मी पडणार हे नक्की, पण मरणार नाही; घट्ट बुटात पडणार नाही, आणि पडलेच तर... हा काय हिशेब आहे का? बायकोच्या मापाचा शिकारीचा बूट या अख्ख्या खोऱ्यात कुणी शिवला नाही, आणि हे लाल... तिने उगाच पाय घालून पाहिला, आणि पाय आत बसला. छान बसला. टाच, चवडा, पोटरी, सगळं जणू तिचंच माप घेऊन शिवलेलं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा इतका संताप आला की तिने चुलीआड बसल्या बसल्या दुसराही घातला.

"हे बक्कल कापून टाकते."

"हात लावशील तर बघ. मानाचे बूट आहेत ते. बुटांचा काय दोष? घोडा बुजला."

हेच. महिनाभर हेच. घोडा बुजला. आणि त्या दिवशी मैदानावर ती डोळ्यांनी पाहत होती — तो कलला, बूट अडकला, घोडा त्याला ओढत मैदानभर नेत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं खेळच आहे, घोड्यावरून वाकून जमिनीवरचं फडकं उचलतात तसा, आणि भोंग्यावरचा तुमचा माणूस, शाबास, बहाद्दर, शाबास, ओरडतच राहिला...

ती उठली. खुंटीवरचा हातमोजा काढायला चुलीला वळसा घालून पलंगासमोरून गेली. तेव्हा तलपखानची नजर तिच्या पायांवर पडली.



"काढ ते."

"का? घोडा बुजेल?"

"उमसिन, काढ. आत्ताच्या आत्ता." तो कोपरावर उठू पाहत होता, प्लॅस्टर पलंगाच्या कडेला आपटलं, तरी थांबला नाही. "आबांचे काळे घाल. पडलीस तर पड. पण ते काढ."

महिनाभर तिला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि हलकं काहीच झालं नाही. म्हणजे दोष बुटांचा, हे यांना माहीत होतं. पहिल्या दिवशी पायात घालतानाच माहीत होतं. मग मैदानावर का नाही बोललात, असं तिने विचारलं नाही, कारण त्याने तोंड भिंतीकडे केलं होतं.

बाहेर घोडा फुरफुरला. इर्झान आला होता.

"वहिनी, पाखरू बाहेर आणता, का मी आत येऊ?"

"हात लावू नका तिला, भावजी! मी येतेय."

"तुम्ही? आणि पायात काय घालाल, चुलीपुढच्या चपला?"

ती खाली बसली. एक लाल बूट ओढून काढला, दुसरा निघेना — आणि ओढता ओढता तिचा नवऱ्यावरचा राग कुठेतरी मागे राहिला, पुढे नुसता मंच उरला. हे बूट रिकिबीत अडकणार, हे घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तुमच्यातले निम्मे तर घोड्यावरच वाढलेत. मग कळलं नाही असं कुणाला सांगता? माहीत असून वाटलेत ना हे बूट? होय की नाही, तेवढं सांगा.