न शिवलेली चीर

शिवणवाल्या मावशींच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू वर्षापूर्वी मशीननं निघाला होता. उजव्याची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा हातानंच काढू."

मावशींचं डोकंच फिरलं. "का? मशीन काय शोभेला ठेवलंय?"

"मावशी, तुम्ही दुखणं अंगावर काढलंत. तो आता सुपारीसारखा टणक झालाय. मशीननं फोडत बसले तर बुबुळाला धक्के बसतील. त्यापेक्षा थोडी मोठी चीर घेऊन अख्खाच काढते. टाकासुद्धा लागणार नाही."

"चीर मोठी आणि टाका नाही? चाळीस वर्षं कापड कापतेय मी, मला नका शिकवू!"

"चीर तिरकी असते. कडा एकीवर एक बसतात आणि ती आपोआप मिटते."

मावशींचा काडीचा विश्वास बसला नाही. पट्टी निघाली, समोरचं लख्ख दिसलं, तरी महिनाभर त्यांनी घरात कुणाला विनोद म्हणून करू दिला नाही. हसताना ते न शिवलेलं उसवलं तर?

महिन्यानं तपासणी झाली. चीर कुठे होती तेही ओळखू येईना. तेव्हा मावशींनी पिशवीतून नवाकोरा पांढरा कोट काढला.

डॉक्टरीणबाईंनी घालून पाहिला, तर खांद्यापासून मनगटापर्यंत अगदी मापात. आतून टाका न् टाका हातानं घातलेला.

"अहो मावशी, घरात मशीन असताना?"

"तुम्ही तरी कुठे लावलंत?"

"आणि माप कधी घेतलंत माझं?"

"पट्टी काढून समोर उभ्या राहिलात ना, तेव्हाच. या उजव्या डोळ्यानं."